अष्टमीची स्थळपाहणी

आमच्या गावातून जाणारी समुद्राकाठची वाट नेमकी कुठून जाते, याबद्दल तहसील कचेरीतल्या एका कागदावर जे लिहिलं आहे ते खरं नाही. वीस वर्षांपूर्वी ते माझ्यामुळे तसं लिहिलं गेलं आणि त्याखाली माझी सही आहे. आता त्याच कागदाच्या आधाराने एक नकाशा होतो आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत किनाऱ्याने पायी जाता यावं, त्यासाठी गावोगावच्या जुन्या पायवाटा एकमेकींना जोडाव्यात, असा बेत आहे. बेत चांगला आहे. पण आमच्या गावात त्या नकाशाची रेघ खडकांवरून जाणार होती, आणि ते खडक दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात. एका बाईने तिथे पाय मोडून घेतला, त्याला मी कारण आहे. दुसऱ्या कोणाची पाळी येऊ नये आणि कागद खरा व्हावा, एवढ्यासाठी हे लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. तोंडवलीच्या आसपासचे लोक ओळखतील, आणि त्यांना हे सगळं आधीपासून माहीत आहे.

मी कणकवलीच्या बस आगारात वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं एका खिडकीत बसून मी एकाच प्रश्नाची उत्तरं दिली: गाडी किती वाजता. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मला फक्त शांतता हवी होती. वडिलांच्या जागेत, डोंगराच्या उतारावर, नवीन घर बांधलं. चिऱ्याचं, पुढे मोठं खळं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. ते आमच्याकडे पूर्वी शेणाने सारवायचे, मी त्यात फरशी बसवून घेतली. त्या फरशीचा मला फार अभिमान होता.

गावाची वाट त्या खळ्यातून जायची. माझ्या वडिलांच्या वेळी जायची, त्यांच्या वडिलांच्या वेळी जायची. खाली खाडीच्या तोंडाशी एक वाडी आहे. तिथल्या बायका कालवं काढतात, मुळे म्हणजे शिंपले वेचतात, थोडी मासळी घेतात आणि पाट्या डोक्यावर घेऊन वर येतात. जांभ्याच्या पायऱ्या चढून त्या आमच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, यायच्या. गडग्यात ये-जा करायला एक फट ठेवलेली होती, तिला आम्ही बेडं म्हणतो: दोन बाजूंना भोकं पाडलेले दोन खांब आणि त्यांतून सरकवायच्या तीन आडव्या काठ्या. काठ्या सरकवायच्या, आत यायचं, गुरं शिरू नयेत म्हणून काठ्या परत लावायच्या, मग खळं ओलांडून विहिरीच्या बाजूने वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, आणि तिथून बस थांब्यावर. उत्तरेकडच्या गावांतून किनाऱ्याने चालत येणारा माणूस याच वाटेने उलटा खाली उतरायचा. यात कोणाला परवानगी विचारायची पद्धत नव्हती. एवढंच, की घरातला माणूस ‘खंय चललात?’ असं विचारणार आणि जाणाऱ्याने क्षणभर थांबून उत्तर द्यायचं.

सकाळी साडेसहाला पाच-सहा बायका खळ्यात. पाट्यांतून फरशीवर पाणी ठिबकायचं. त्यांच्यातली एक, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ, रोज न चुकता हाक मारायची:

“कंट्रोलरांनू, मसुऱ्याची गाडी लागली काय?”

बाकीच्या हसायच्या. पहिले काही महिने मीही हसलो. नंतर तो प्रश्न ऐकला की मी आत निघून जायचो. तीस वर्षं जे टाळता आलं नाही ते चालत माझ्या खळ्यात आलं होतं. एके दिवशी माझी फरशी नुकतीच पुसून घेतलेली, आणि त्या पाट्या खाली ठेवून घाम पुसत बसल्या.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, “ही काय धर्मशाळा आहे?”

ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “धर्मशाळेत पाणी तरी इचारतत.”

माझी बायको दारातच उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो ती त्यांच्यासाठीच घेऊन आली होती. तिने तो परत आत नेला. मला राग आला तो त्या बाईच्या बोलण्याचा नव्हे, ती खरं बोलली याचा. आठवड्याच्या आत गवंडी आणला आणि बेड्याच्या जागी चिरे लावून गडगा सलग केला. एवढ्यावरून सगळं झालं. यापेक्षा मोठं कारण असतं तर आज सांगायला कमी लाज वाटली असती.

वाडीतल्या बायकांनी तहसील कचेरीत अर्ज दिला. त्यांनी म्हणजे कोणीतरी लिहून दिला आणि त्यांनी अंगठे उठवले. घाटावरून बदली होऊन आलेले एक अधिकारी चौकशीला नेमले गेले. माणूस सरळ होता. समुद्र त्यांनी आमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा पाहिला असावा. मला त्यांनी कचेरीत बोलावलं, माझं म्हणणं विचारलं. मी सांगितलं की माझ्या खळ्यातून कधी वाट नव्हती, लोक सोयीने यायचे, आम्ही चालवून घेतलं. गावची वाट खालून आहे, कड्याच्या पायथ्याने, खाडीच्या वाडीपर्यंत.

“मग मी येऊन बघतो,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात कोणता दिवस सोयीचा?”

भिंतीवर दिनदर्शिका होती. मी उठून तिच्यापाशी गेलो. वार बघितला नाही, तिथी बघितली. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते, आणि ती उधाणाची असते. कड्याखालचे खडक कमरेएवढ्या पाण्यात जातात. अष्टमीला उलटं. तेव्हा साधारण त्याच वेळेला ओहोटी, आणि पाण्याला जोर नसतो. मी बोट ठेवलं ते अष्टमीवर.

“साहेब, या दिवशी अकरा वाजता या. ऊनही फार लागणार नाही.”

त्यांनी माझे आभार मानले.

त्या दिवशी ते आले. बूट घालून, सुकी पावलं टाकत, कड्याखालच्या खडकांवरून वाडीपर्यंत चालत गेले आणि आले. खाली पाण्याच्या डबक्यांत लहान खेकडे पळत होते, त्यांचं त्यांना कौतुक वाटलं. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, “एवढी चांगली वाट असताना तुम्हाला दुसऱ्याच्या अंगणातून कशाला जायला हवं?”

मला रोज गाडी विचारणारी ती म्हणाली, “सायबानू, पुनवेक येवा.”

“पौर्णिमेला काय आहे?”

मग सगळ्या हसल्या. ती तर पदर तोंडाला लावून हसली. पौर्णिमेला दुपारी काय असतं हे न कळणारा मोठा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना वाटलं साहेब थट्टा करतोय. त्यांच्या दृष्टीने हे म्हणजे सूर्य कुठून उगवतो असं कोणी विचारावं तसं होतं, आणि त्याला उत्तर देत बसणं म्हणजे साहेबाचा अपमान. म्हणून त्या हसल्या आणि गप्प राहिल्या. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं या बायका आपल्याला हसतायत. पौर्णिमेला काहीतरी जत्रा-बित्रा असेल असं समजून त्यांनी तो विषय सोडला.

तिथे उभ्या असलेल्या माणसांत मी एकटाच असा होतो ज्याला दोन्ही बाजू कळत होत्या. साहेबांना भरतीचं गणित माहीत नाही हे मला कळलं होतं, आणि ते माहीत नाही याची बायकांना कल्पनाच करता येत नाही हेही. एक वाक्य पुरलं असतं. मी छत्री मिटून उभा राहिलो.

पंचनाम्यात लिहिलं गेलं: पर्यायी वाट उपलब्ध असून वापरण्याजोगी आहे; अर्जदार महिलांना विचारणा केली असता त्या हसल्या, समाधानकारक खुलासा केला नाही. मी सही केली. तिने अंगठा उठवला. तिला ते वाचून दाखवलं गेलं, शुद्ध मराठीत, घाईघाईने. परत जाताना ती माझ्या बाजूने गेली आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाली, “अष्टमी बरी शोधलात.”

त्या एका वाक्याने मला कळलं की वाडीत सगळ्यांना कळलंय. पण कोणी भांडायला आलं नाही. खळं रिकामं झालं. सकाळी साडेसहाला मी चहा घेऊन फरशीवर बसायचो आणि कोणी काही विचारायचं नाही. बायको माझ्याशी बोलायची, सगळं करायची, पण त्या दिवशी परत आत नेलेला पाण्याचा तांब्या ती आता दारात ठेवायला लागली. रोज भरून ठेवायची, संध्याकाळी तुळशीला ओतायची.

बायकांपुढे दोनच गोष्टी होत्या. डांबरी रस्त्याने डोंगराला तीन मैलांचा वळसा घालायचा, नाहीतर पाणी बघून खालून जायचं. बहुतेक दिवस त्या वळसा घालायच्या. त्या वर्षाच्या मार्गशीर्ष अवसेला त्याच फटकळ बाईला बाजारात उशीर झाला. डोकं दुखत होतं, ऊन होतं, पाटी रिकामी होती. तिने खालची वाट धरली आणि खडकांत पडली. डावा पाय घोट्याच्या वर मोडला. तो नीट जुळला नाही. त्यानंतर तिने डोक्यावर पाटी घेतली नाही. माझी बायको तिला बघायला गेली, दोनदा गेली. मी गेलो नाही. तिच्या वाडीच्या बाजूला मी वीस वर्षं गेलो नाही, हे लिहिताना हिशेब केला तेव्हा लक्षात आलं.

मग या पौषात कणकवलीच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पाठीवर पिशवी. सुट्टीच्या दिवशी येऊन त्या किनाऱ्याची वाट तुकड्या-तुकड्याने चालत होत्या आणि फोनमध्ये तिची नोंद करत होत्या. गावात कोणीतरी त्यांना सांगितलं की वाटेबद्दल विचारायचं तर कंट्रोलरांना विचारा. हे ज्याने सांगितलं तो गंमत करत होता की काय, मला अजून कळलेलं नाही.

“काका, तुमच्या गावाचं जुनं रेकॉर्ड आहे, म्हणजे काम सोपं झालं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंचनाम्याची नक्कल काढून दाखवली. वीस वर्षांनी माझी सही माझ्यासमोर आली. “वाट कड्याखालून आहे असं यात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही चालाल माझ्याबरोबर? उत्तरेच्या गावापासून इथपर्यंत?”

मी हो म्हटलं. बायको आत भाकऱ्या करत होती. बाई गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, “चालताना तरी तोंड उघडा.”

दोन दिवसांची चाल होती. माझं वय एकोणऐंशी. रोज सकाळ-संध्याकाळ चालतो म्हणून जमलं. पहिल्या दिवशी खाडीवरची होडी सोडली आणि सड्यावर चढलो. काळा दगड, त्यावर वाळलेलं गवत, मधूनच काजूच्या मोहोराचा उग्र गोडसर वास. उजव्या हाताला समुद्र. बाई चालता चालता थांबायच्या, फोन वर धरायच्या, पुन्हा चालायच्या. सडा संपला की वाट गावात उतरायची आणि गावात वाट म्हणजे लोकांची खळी. कोणाच्या गोठ्यामागून, कोणाच्या विहिरीच्या कडेने. एका खळ्यात कुळीथ वाळत घातलेले होते, त्याच्या कडेने पाय ठेवत जावं लागलं.

“खंय चललात?” पडवीतून आवाज आला.

बाई चालता चालताच म्हणाल्या, “पुढे, समुद्राकडे!”

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, “बाई, उभं राहून सांगायचं. चालताना उत्तर दिलं की माणसाला वाटतं आपण त्याचं घर बघितलंच नाही.”

त्या उभ्या राहिल्या. सांगितलं. मग पाणी आलं, गूळ आला. पुढच्या सगळ्या खळ्यांत त्या आपणहून उभ्या राहिल्या. मी हे शिकवत होतो. माझं मलाच ऐकू येत होतं.

दुपारी एका घरापाशी आलो. घर नवीन होतं, रंग ओला वाटावा इतकं. पण पुढे बेडं होतं, जुनं, तीन काठ्यांचं, आणि ते घराच्या बरोब्बर दारासमोर येत होतं. खळ्यात माझ्याच वयाचा एक माणूस नारळाच्या पातीचे झाप विणत बसला होता. त्याने उठून स्वतः काठ्या सरकवल्या.

बाईंनी त्याला नकाशाचं सांगितलं. तो म्हणाला, “नकाशात माझ्या खळ्यात एक बाकडा दाखवा. लोकांका बसूक.”

“आणि चहा?” बाई हसून म्हणाल्या.

“चाय दाखवा नको. घरकारीण माका घरात घेवची नाय.”

आतून त्याची बायको ओरडली, “चाय दाखवा, ह्यांका दाखवा नको!”

बाईंनी विचारलं, नवीन घर बांधलं तेव्हा वाट बाजूला का नाही घेतली? दारासमोरून सतत माणसं जातात, त्रास होत नाही?

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाला, “आमच्या पणज्यान घर बांधल्यान तेवा वाट होतीच. आमीच वाटेर येवन बसलव.”

त्याने हे काही मोठं बोलतोय अशा आवाजात सांगितलं नाही. पुन्हा खाली बसून झाप विणायला लागला. मी तिथे बसलो ते उठवेना. बाईंना वाटलं पाय दुखतायत. मी तसंच म्हटलं. त्या दिवशी बोलायची ती वेळ होती आणि ती मी घालवली. संध्याकाळी बस पकडून घरी आलो. बायकोने चेहऱ्याकडे बघितलं आणि जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरुवात केली. दुपारी एकच्या सुमाराला आमच्या गावच्या सड्यावर आलो. तिथून दक्षिणेला तोंडवलीची वाळूची पुळण आणि त्यामागची सुरूची झाडं दिसतात. डावीकडे वळलं की माझं घर, आणि सरळ एक उतरण कड्याखाली जाते. बाई सरळ उतरल्या. मी त्यांच्या मागे.

खाली सगळं कोरडं होतं. दशमी होती, ओहोटी दुपारी एकलाच. खडकांवरची कालवं उन्हात पांढरी चमकत होती, दोन खडकांमध्ये शेवाळाचा हिरवा पट्टा, पलीकडे पाणी शांत. वीस वर्षांपूर्वी साहेबांना दिसलं होतं तसंच.

“काका,” बाई म्हणाल्या, “अख्ख्या किनाऱ्यावर एवढा सुंदर तुकडा नाही. लोक वेडे होतील.” आणि फोन वर धरला.

मला इथे काही धाडस केलं असं दाखवायचं नाही. खरं सांगायचं तर मी त्याही वेळी गप्प बसण्याचा विचार केला. नकाशावर खाली भरती-ओहोटीची वेळ बघून जावे असं एक वाक्य घालायला सांगावं, म्हणजे माणसंही वाचतील आणि माझं खळंही. पण बाईंनी मागे वळून विचारलं, “इथे पाणी किती वर येतं?” आणि मला त्यांचा तो प्रश्न ऐकून हायसं वाटलं, कारण साहेबांनी तो विचारला नव्हता, आणि मीही आपणहून काही सांगितलं नव्हतं.

मी कमरेवर हात ठेवून दाखवलं. “अवसेला, पुनवेला. बारा वाजता. बाई, ही वाट नाही. कधीच नव्हती. वाट माझ्या खळ्यातून आहे.”

मग एका खडकावर बसून सगळं सांगितलं. दिनदर्शिका, अष्टमी, बायकांचं हसणं, सही, मोडलेला पाय. बाईंनी फोन पिशवीत ठेवला. त्या रागावल्या नाहीत, सहानुभूतीही दाखवली नाही. एवढंच म्हणाल्या, “त्या बाई आहेत का अजून?”

“आहेत.”

“मग वाट त्यांनाच विचारू या. तुम्ही सांगितलेली एकदा लिहून झाली आहे.”

त्या हे सहज म्हणाल्या की मुद्दाम, माहीत नाही. बरोबर होतं.

ती पडवीत बसून सुकटीतले खडे वेचत होती. पाय लांब केलेला. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

“कंट्रोलर वाट चुकले,” ती घरात कोणालातरी उद्देशून म्हणाली. मग बाईंना, “बसा गो बाय. उन्हातसून इलात.”

मी उभाच राहिलो. जे बाईंना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. वाक्यं तीच, पण इथे ती अडखळत आली. ती खडे वेचत राहिली. बोलून झाल्यावर मी थांबलो.

“ह्या माका कित्याक सांगतास?” ती म्हणाली. “माका म्हायत आसा.”

मी म्हटलं, गडगा काढतो. वाट परत सुरू करतो.

“आता ती वाट कोणाक होयी? माझी सून स्कूटरीन जाता. पाटी कोण डोक्यार घेता?” मग बाईंकडे बघून, “ह्यांका होयी, बरा. चलूक इल्यात तर चलतले. तुमका सांगतंय वाट खंयसून होती ती.”

आणि तिने सांगितली. बसल्या जागेवरून, डोळे अर्धवट मिटून. खालून किती पायऱ्या, त्यातली कुठली हलते, बेड्याचा डावा खांब कसला होता, खळ्यात तुळस उजव्या हाताला ठेवायची, विहिरीच्या कठड्याला हात लावून वळायचं, मग फणस. बाई लिहून घेत होत्या. शेवटी ती म्हणाली, “फणसाकडे आता ह्यांचा न्हाणीघर आसा. न्हाणीघरातसून जावचा लागतला.”

ती हसली, बाई हसल्या. न्हाणीघर मी दुसऱ्या वर्षी बांधलं होतं. त्याला वळसा घालता येतो. आता तसा घातला आहे.

निघताना तिने मला थांबवलं.

“गडगो काढा नायतर नको काढा. पण त्या कागदार आमी हसलव म्हणान लिवलेला आसा. माझ्या नातवान वाचून दाखवल्यान एकदा. आमका इचारला आणि आमी खुलासो करूक नाय, म्हणे. आमी काय पिशी होतव? ता लिवा. कित्याक हसलव ता लिवा.”

वीस वर्षं मी समजत होतो की तिच्या मनात माझ्याबद्दल राग असेल तो वाटेचा आणि पायाचा. तोही असेलच. पण कागदावर ती वेडी ठरली होती, एका परक्या माणसासमोर उगाच हसणारी, आणि ते तिला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून बेड्याच्या जागचे चिरे काढले. काठ्या नवीन घेतल्या, खांब एक मिळाला, एक नवा घडवला. मग अर्ज लिहायला बसलो. चार दिवस लागले. नियंत्रक म्हणून मी रोज अहवाल लिहायचो. घटनेचा क्रम, वेळ, कारण. तसाच लिहिला. स्थळपाहणीसाठी अष्टमी मी सुचवली आणि का सुचवली. अधिकाऱ्यांचा दोष नाही, त्यांना तिथीचं गणित ठाऊक नव्हतं. अर्जदार महिला हसल्या याचं कारण, की ते ठाऊक नसलेला माणूस असू शकतो हे त्यांना खरं वाटलं नाही. त्यांनी ‘पुनवेक येवा’ असं सांगितलं, आणि तोच खुलासा होता, पूर्ण आणि समाधानकारक. मला तो समजला होता. मी तो साहेबांना समजावून दिला नाही. पूर्वापार वाट माझ्या खळ्यातून आहे, ती मी खुली केली आहे, नोंद दुरुस्त व्हावी.

कचेरीत देण्याआधी तो घेऊन तिच्याकडे गेलो आणि वाचून दाखवला. सावकाश, मध्ये थांबून, जिथे शब्द जड होते तिथे मालवणीत सांगून. ती ऐकत होती. हसण्याच्या भागाला तिने मान हलवली. “बरा लिवलास,” म्हणाली. मग पुढे आलं: सदर महिला त्या वर्षी मार्गशीर्ष अमावास्येला खडकांवरून जाताना पाय घसरून पडल्या व जायबंदी झाल्या.

“थांबा,” ती म्हणाली. “काय झाला?”

मी पुन्हा वाचलं.

“घसारलंय? मी?” तिने सूप बाजूला सारलं. मी तिच्याकडे यायला लागल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “चाळीस वर्सा त्या खडकार कालवां काढलंय मी. रातचा दिवसाचा, शेवाळार, कशार पण. माझो पाय घसरूचो नाय. लाट इली. पाणी भरला होता, हय, हयसर.” तिने मांडीवर हात आपटला. “पाणी होता म्हणान पडलंय. तुमी लिवतास घसारली. म्हणजे चूक कोणाची? माझ्या पायाची?”

मी तिथे नव्हतो. घसरली हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते वीस वर्षं स्वतःशी तसंच म्हणत आलो होतो, इतकं की कबुली लिहायला बसलो तरी हाताने तेच लिहिलं. घसरणं म्हणजे तिचं आणि पाणी म्हणजे माझं.

“खोडा ता,” ती म्हणाली.

मी खोडलं.

“लिवा, पाणी होता.”

मी लिहिलं. तिने ते तीनदा वाचून घेतलं आणि पुढच्या ओळीत पुन्हा एकदा लिहायला लावलं. मग तिने सुपात हात घातला, आणि मी उठलो. चहा पाणी काही विचारलं नाही. विचारावं असं काही नव्हतंही.

अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढला आणि कचेरीत घेऊन गेलो. तिथे आता नवीन माणसं आहेत. टेबलावरचा तरुण कारकून सभ्य होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, सगळा अर्ज वाचला, आणि वाचताना एकदा वर बघितलं. नोंद बदलायला वेळ लागेल, पुन्हा पाहणी करावी लागेल, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, पुनवेला ठेवा, दुपारी बारा वाजता. त्याने ते टिपून घेतलं. मग अर्जाच्या दुसऱ्या पानावर पेन्सिल ठेवून म्हणाला, “काका, इथे ‘पाणी होते’ हे दोनदा आलंय. एक काढू का?”

“नको,” मी म्हटलं. “दोन्ही राहू दे.”

त्याने शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली.